एकसरचं जुनं घर पाडण्याआधी अंगणात मेटल डिटेक्टर फिरवायचा आहे. कसं करावं?

नात_एकसरची:

नमस्कार मंडळी. बोरिवलीला एकसर गावठाणात आमचं वडिलोपार्जित घर आहे. कौलारू, पुढे ओटी, मागे पडवी, परसात विहीर आणि तिच्या बाजूला जुनं तुळशीवृंदावन. विहिरीवर आता लोखंडी जाळी टाकली आहे. विकासकाबरोबर बोलणी संपत आली आहेत, दिवाळीनंतर घर रिकामं करायचं आणि मग जेसीबी.

आमची आजी सांगते की तिच्या आजेसासऱ्यांनी प्लेगच्या वर्षी घर सोडून रानात झोपड्या टाकल्या तेव्हा चांदीचे रुपये पुरून ठेवले होते. नंतर परत आले, पण सगळे सापडले की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. माझं मन त्या रुपयांत नाही. आमच्या घराचा एकही कागद १९३० च्या मागचा नाही, फोटो तर त्याहून अलीकडचे. घरात किती पिढ्या राहिल्या, काय करत होत्या, हे जे काही उरलंय ते त्या मातीतच असणार आणि ती माती डंपरमध्ये भरून कुठल्या तरी भरणीला जाणार. ते मला बघवत नाही.

अमेरिकेतले लोक ओसाड पडलेल्या जुन्या घरांच्या जागी डिटेक्टर घेऊन बटणं, नाणी, बंदुकीच्या गोळ्या शोधतात, तसले व्हिडिओ बरेच पाहिले. पण आपल्याकडे हे चालतं का? यंत्र कोणतं घ्यावं? सापडलेल्या वस्तूचं काय करायचं? आणि मोठे काका म्हणतात तसं "सापडलं तर गुपचूप ठेवायचं" हे मला पटत नाही. जाणकारांनी सांगावं.

दहिसरकर:

एक गोष्ट आधीच सांगतो. मॉलच्या दारावर वॉचमन अंगावरून फिरवतो तो दांडा ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. तो खिशातली चावी ओळखायला बनवलेला आहे, मातीत चार बोटंसुद्धा जात नाही. जमिनीसाठी गोल कॉइलवालं यंत्र लागतं, ज्यात लोखंड आणि तांबं यांचे आवाज वेगळे येतात. विकत घेण्यापेक्षा कोणाकडून चार दिवस मागून आणता आलं तर बघा. परळचे काका इथे असतात, त्यांना यातलं कळतं.

केबलवाले_काका_परळ:

ताई, तुमची पोस्ट सकाळी वाचली, तेव्हापासून डोक्यात आहे. जरा लांबलचक लिहितो, वेळ काढून वाचा.

माझी सगळी नोकरी मुंबईच्या रस्त्यांत गेली. जमिनीखालच्या विजेच्या केबलमध्ये बिघाड कुठे आहे तो शोधायचा, चर खणायचा, जॉइंट मारायचा, चर बुजवायचा. केबल लोकेटर हातात घेऊन जमिनीचं ऐकायची सवय तिथे लागली. मेटल डिटेक्टर त्याच घराण्यातला. वरची कॉइल जमिनीत चुंबकी क्षेत्र सोडते, खाली धातू असला की त्यात प्रवाह फिरतो, आणि त्याचं परतलेलं उत्तर किती उशिरा आलं यावरून यंत्र सांगतं की लोखंड आहे की तांबं-चांदी. लोखंडाचा आवाज खर्जात, तांब्या-चांदीचा उंच. एवढं पुरतं.

आता मुख्य गोष्ट. आपली मुंबई बरीचशी भरणीवर उभी आहे. परळ-लालबागला चर खणला की वर डांबर, खाली डबर, मग गिरणीच्या बॉयलरची काळी राख, आणि त्याखाली शिंपल्यांची खाडीची चिकण. त्या राखेत नाणं सापडलं तर ते तिथल्या कोणाचं होतं हे सांगता येत नाही, कारण राखच दुसरीकडून आलेली. तुमच्या एकसरचं तसं नाही. ते साष्टीतलं, म्हणजे मुंबई बेटाच्या उत्तरेच्या बेटावरचं, जुनं वस्तीचं गाव. तिथले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड, तुम्ही लहानपणापासून पाहिले असतील, नौकांची लढाई कोरलेले. म्हणजे शिलाहार-यादवांच्या काळापासून माणसं तिथे आहेत. घराखालची जमीन कोणी आणून टाकलेली नाही, ती तिथलीच आहे. म्हणून तुमच्या अंगणातल्या एखाद्या भोकाच्या पैशालाही अर्थ आहे. तो कुठे आणि किती खोल होता हे लिहून ठेवलंत तर.

मला एवढंच पटवायचं आहे. वस्तू महत्त्वाची खरी, पण ती जिथे होती ती जागा त्याहून महत्त्वाची. वस्तू कपाटात शंभर वर्षं राहील, जागा मात्र उचलल्याक्षणी जाते.

एक उदाहरण देतो. वरळी कोळीवाड्यात एका ओळखीच्या घरी जमीन उकरायचं काम निघालं. मालकांनी मला बोलावलं, त्यांच्या समोरच सगळं केलं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी मधल्या पट्टीतला आवाज येऊ लागला, एक, दोन, मग बरेच. शिसं. पाग असतो ना, फेकून मारायचं जाळं, त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले असतात, ते. मी एकेक मणी काढायच्या आधी आलेख कागदावर टिंब मारत गेलो. मणी बोराएवढे, मधून भोक, भोकाची एक बाजू दोरीने घासून पातळ झालेली. टिंबं जोडली तर जवळपास अर्धं वर्तुळ उमटलं. पाग तिथे दारामागे टाकलेला होता, सूत कुजून गेलं, शिसं जागच्या जागी राहिलं. त्या घरच्या म्हाताऱ्या आजीने कागद पाहिला आणि म्हणाली, "हिथंच ठेवायचे माझे सासरे." मणी नुसते उपसून वाटीत टाकले असते तर हाती मूठभर शिसं उरलं असतं, दुसरं काही नाही.

तर तुमच्या घरी मी कसं करेन ते सांगतो.

अंगणापेक्षा घराच्या आतली जमीन मोलाची. व्हिडिओतले लोक मोकळ्या जागी फिरतात कारण त्यांचं घर कधीच नाहीसं झालेलं असतं. तुमचं उभं आहे. आत आधी शेणा-मातीची जमीन असणार, आणि कधीतरी पन्नास-साठ साली तिच्यावर शहाबादी फरशी किंवा कोबा घातला असणार. आजीला विचारा कोणत्या साली. तो दिवस फार उपयोगाचा, कारण फरशीखाली जे आहे ते सगळं त्या आधीचं, वरून झाकण बसल्यासारखं. सारवणाची जमीन नीट कापली तर कडेला पापुद्रे दिसतात, नखाएवढ्या जाडीचे, काळपट-पिवळट, दर सणाला एक हात फिरलेला. त्या पापुद्र्यांच्या मध्ये नाणं असतं तेव्हा ते वरून पडून सारवणाखाली गेलेलं असतं आणि मग तिथून हललेलं नसतं.

म्हणून विकासकाकडे अंगण मागू नका, वेळ मागा. कौलं-वासे उतरले, भिंती गेल्या, फरशी उचलली, पण जोतं अजून उकरलेलं नाही, त्या मधल्या टप्प्यात दोन-तीन दिवस. त्याचं काम तेवढ्याने अडत नाही.

उतरलेल्या कौलांकडेही बघा. मंगळुरी कौलावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. बाझल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा, तेव्हा ते कौल त्याआधीचं असूच शकत नाही. मातीत जर अर्ध्या नळीच्या देशी कौलांचे तुकडे खाली आणि मंगळुरी वर असे सापडले तर छप्पर कधी बदललं याचा अंदाज आला. धातू नाही म्हणून फेकू नका.

नाण्यांचं थोडं. एकसर साष्टीत, म्हणजे पोर्तुगीजांकडून १७३७ ला मराठ्यांकडे आणि १७७४ ला इंग्रजांकडे. मुंबई बेटाचा इतिहास वेगळा, तुमचा वेगळा. त्यामुळे शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, मिळायला हरकत नाही. पण शिवराई मिळाली म्हणून लगेच "शिवकालीन घर" असं कोणाला सांगू नका. शिवराया पेशवाईभर पाडल्या गेल्या आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत राहिल्या. एका थरात शिवराई आणि व्हिक्टोरियाच्या मुखवट्याचा पाव आणा एकत्र मिळाले तर थर १८६२ नंतरचा. थरातली सगळ्यात नवी वस्तू धरायची, जुनी नाही. एका बाजूला तराजू आणि त्याखाली फारसीत अदल असं लिहिलेलं तांब्याचं नाणं मिळालं तर ते कंपनी सरकारचं, मुंबई इलाख्यासाठी १७९१ पासून इंग्लंडमधून पाडून आणलेलं. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ मधला. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, १९३९ पर्यंत जवळपास शुद्ध, १९४० पासून निम्मी चांदी. साठ-सत्तरच्या दशकातली ॲल्युमिनियमची हलकी नाणी आवाजावरून गुटख्याच्या पुडीसारखी वाटतात, तेवढं ध्यानात ठेवा.

यंत्राबद्दल: मध्यम किमतीचं, जमिनीशी जुळवून घेण्याची सोय असलेलं. आपला दगड बेसाल्ट, त्यात लोहकण भरपूर, त्यामुळे माती स्वतःच आवाज करते. सुरुवातीला कॉइल वरखाली करून यंत्राला त्या जागेची सवय लावायची. जुन्या घरात खिळे फार असतात आणि खिळ्याच्या शेजारचं नाणं खिळ्याच्या आवाजात दबून जातं, म्हणून लहान कॉइल घ्या आणि अगदी संथ फिरवा. एवढं करून रुपयाएवढं नाणं वीतभर खोलीपर्यंत कळेल, त्याखाली भरवसा नाही. पाऊस ओसरल्यावर माती भुसभुशीत असते, तोच काळ चांगला. मे महिन्यात तिथे पहार लागते, आणि पहार या कामात चालत नाही. खुरपं, ब्रश, घमेलं, बस.

आणि खणण्याआधी मीटरखालची अर्थिंग कुठे पुरली आहे ते इलेक्ट्रिशियनला दाखवायला सांगा. तांब्याची पट्टी किंवा प्लेट असेल तर यंत्र तिथे जोरात वाजेल आणि तुम्हाला वाटेल रुपयांचा हंडाच मिळाला. घरात वीज चालू असेपर्यंत ती उकरायची नाही.

ॲड_माहीम:

काकांनी बाकी सगळं सांगितलंय, मी कायद्यापुरतं लिहितो. तुमचे मोठे काका म्हणतात ते करू नका, त्यात नुकसान तुमचंच आहे.

लागू होतो तो १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, म्हणजे निखात निधीचा कायदा. तो अजूनही अमलात आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडलेली मौल्यवान वस्तू म्हणजे निधी, आणि तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला. दहा रुपये ही १८७८ मधली मर्यादा, आज एखादं जुनं नाणंही ती ओलांडतं. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. बोरिवली मुंबई उपनगर जिल्ह्यात येते, तेव्हा कार्यालय वांद्रे पूर्वेला.

त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि चार ते सहा महिन्यांतली एक तारीख ठरवून दावेदारांना बोलावतात. शंभर वर्षांच्या आत कोणी पुरलं आणि त्याचे वारस आम्ही, असं कोणी दाखवू शकला तर त्याला दिवाणी कोर्टात जायला मुदत मिळते. प्लेग मुंबईत आला १८९६ ला, म्हणजे आजीच्या गोष्टीतले रुपये ती मर्यादा ओलांडून गेले आहेत. तसा दावेदार नसला तर निधी बेवारस ठरतो आणि मग सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते.

कळवलं नाही तर? सापडवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मालकाने साथ दिली असेल तर त्यालाही शिक्षा आहे.

आता यातली मेख बघा. सापडवणारा म्हणजे ज्याच्या हाताला वस्तू लागली तो. जेसीबीवाल्याला लागली तर तीन चतुर्थांश त्याचा. पण त्याच कायद्यात म्हटलंय की सापडवणारा आणि मालक यांच्यात आधीच करार झालेला असेल तर वाटणी त्या कराराप्रमाणे. तुमचा विकासकाबरोबरचा करार अजून व्हायचा आहे ना? मग हे त्यात आताच घाला. सही झाल्यावर कोणी ऐकत नाही.

दुसरं, जवळ संरक्षित स्मारक आहे का ते पाहा. मंडपेश्वर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. तुमचं घर त्यात येत नसेल असं अंतरावरून वाटतं, पण नकाशावर मोजून खात्री करा. खुद्द स्मारकाच्या आवारात डिटेक्टर नेण्याचा विचारही कोणी करू नये, हे इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. वसईच्या किल्ल्यात असं फिरणारे लोक आहेत, तो गुन्हा आहे.

तिसरं, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही. परदेशी साइटवर फोटो टाकून विकायची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर ती तिथेच सोडा.

फणसवाडी:

मला तांत्रिक काही कळत नाही, पण एक सांगते. घर बांधताना वास्तुशांत झाली असणार. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरलेली असते, डबीत किंवा मातीच्या भांड्यात, बरोबर थोडे धातू आणि नाणंही असतं. तुमचं यंत्र तिथे वाजणार. ती तुमच्या पूर्वजांनी मुद्दाम, मंत्र म्हणून ठेवलेली आहे, हरवलेली नाही. माझ्या माहेरी गिरगावात चाळ पाडली तेव्हा ती कोणी काढलीच नाही, मलब्यात गेली, मला आजही वाईट वाटतं. आधी गुरुजींना विचारा, विसर्जन करून रीतसर काढा आणि नव्या घरी काय करायचं ते ते सांगतील. तुळशीवृंदावनाखालीही बघा. आणि ओटीवर आजीला बसवून घ्या, ती सांगेल कुठे काय होतं. यंत्रापेक्षा तिला जास्त ठाऊक असेल.

नात_एकसरची:

सगळ्यांचे मनापासून आभार. फणसवाडी ताई, आजीला काल विचारलं. फरशी तिच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घातली, म्हणजे १९५८. त्याआधी सारवण होतं, आणि फरशी घालताना जुनी जमीन खणली नाही, वरच रेती पसरून फरशी बसवली, हेही तिनेच सांगितलं. काका, म्हणजे तुम्ही म्हणता तसं झाकण बसलेलं आहे! वास्तूची जागाही तिने बोटाने दाखवली. आणि गोठा कुठे होता तेही, मला गोठा होता हेच माहीत नव्हतं.

वकीलसाहेब, करार अजून मसुद्यात आहे. मोठ्या काकांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं, ते आता काही बोलत नाहीत.

दोन शंका. सापडलेल्या वस्तू स्वच्छ कशा करायच्या? आमच्याकडे देवाची भांडी चिंचेने लखलखीत होतात. आणि नोंद नेमकी कशी ठेवायची?

केबलवाले_काका_परळ:

चिंच अजिबात नाही. लिंबू नाही, राख नाही, भांडी घासायची कुठलीही पावडर नाही. तांब्याच्या नाण्यावर जो हिरवट-तपकिरी थर असतो त्यातच अक्षरं टिकलेली असतात. चिंच तो थर खाते, नाणं चमकतं आणि मजकूर जातो. नाणेबाजारात असली घासलेली शिवराई शेकड्याने मिळते, तिच्यावरचं श्री राजा शिव कोणाला वाचता येत नाही. मऊ ब्रशने सुटी माती झटकायची, बाकी जशीच्या तशी.

तुमच्याकडे खाडीचा वारा आहे, मातीत मीठ असतं. तांब्याच्या वस्तूवर फिक्या हिरव्या रंगाची भुकटी धरू लागली, बोटाला लागणारी, तर तो रोग आहे. मीठ आत शिरून तांबं पोखरतं. ओलावा मिळाला की वाढतं. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कोरडी ठेवा आणि लवकरात लवकर संग्रहालयातल्या जाणत्याला दाखवा. शिशाच्या वस्तू लाकडी पेटीत ठेवायच्या नाहीत, लाकडातली आंबट वाफ शिसं खाते, आणि शिसं हाताळल्यावर हात धुवायचे. लोखंडाचा जुना कोयंडा, कडी, विळ्याचं पातं निघालं तर त्याला पाण्याने धुऊ नका. लोखंड बाहेर हवेत आलं की पापुद्रे सुटून आठवड्याभरात भुगा होऊ शकतो, तेही कोरडंच ठेवायचं. लोक लोखंड फेकून देतात, याचं मला फार वाटतं. घरात राबणाऱ्या बाईचा विळा रुपयापेक्षा कमी कसा?

नोंदीचं असं करा. आलेख कागदावर घराचा आराखडा काढा, भिंतीची मापं टेपने घेऊन. ओटीचा एक दगडी कोपरा पक्का धरा, जो शेवटपर्यंत हलणार नाही, आणि सगळी मापं तिथूनच. जमिनीवर सुतळीने मीटरचे चौकोन आखा. वस्तू दिसली की हात लावण्याआधी फोटो, बाजूला पट्टी ठेवून. मग कोपऱ्यापासून दोन मापं, फरशीच्या पातळीपासून खोली, कोणत्या रंगाच्या मातीत आहे ते. प्लास्टिकच्या पिशवीत वस्तू आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, शाई नको, दमटपणात पसरते. तोच नंबर कागदावर. जिथे यंत्र वाजलं पण तुम्ही खणलं नाहीत तीही जागा मांडा. आणि रिकामे चौकोनही दाखवा, काही न सापडणं हीसुद्धा माहिती आहे.

वीतभराच्या खाली जायचं नाही. यंत्राचा आवाज तिथे संपतो, त्याखाली उकरणं म्हणजे उत्खनन, ते आपलं काम नव्हे. विटांची ओळ, जुना चौथरा, कोरीव दगड, लेख असलेला दगड असं काही डोकावलं तर तिथेच थांबा. साष्टीत गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाचा शाप कोरलेले दगड, सापडले आहेत, मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातल्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून ते नोंदवले, बरेचसे कोणाच्या तरी अंगणात किंवा देवळामागे शेंदूर फासून उभे होते. एकसरच्या जमिनीत तसं काही असणं अशक्य नाही. असं निघालं तर राज्य पुरातत्त्व संचालनालयाला कळवा, कार्यालय फोर्टात सेंट जॉर्ज किल्ल्याच्या आवारात आहे.

आजीने गोठा दाखवला हे फार उत्तम. गोठ्याच्या जागी नाल, साखळीच्या कड्या, घंटा निघतात. आणि विहिरीच्या कडेला, पाणी भरणाऱ्या बायका जिथे वाकतात तिथे, बांगडी-जोडव्यांसाठी नीट फिरवा. यंत्र माझं घेऊन या. एकटीने करू नका, मी येतो. गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही आता, पण खुर्ची टाकून आवाज ऐकेन आणि कागद भरेन. खणायचं काम तुमच्या घरच्या पोरांनी.

नात_एकसरची:

काका, नक्की या. तुम्हाला घ्यायला परळला गाडी पाठवते. वकीलसाहेब, करारात ते कलम नेमकं काय लिहू? विकासकाचा माणूस सोमवारी मसुदा घेऊन येतोय.

ॲड_माहीम:

असं लिहा, तुमच्या वकिलाला दाखवून भाषा पक्की करून घ्या:

"सदर मिळकतीवरील बांधकाम पाडताना, फरशी व जोते काढताना अथवा पाया खणताना जमिनीत किंवा बांधकामात नाणी, दागिने, धातूच्या अथवा दगडी जुन्या वस्तू आढळल्यास काम त्या ठिकाणी तात्काळ थांबवून मालकांना त्याच दिवशी कळविण्यात येईल. अशी वस्तू विकासक, त्याचे ठेकेदार वा कामगार यांपैकी कोणासही सापडली तरी तीवरील सापडवणाऱ्याचा हिस्सा मालकांकडे राहील, व सापडवणाऱ्या कामगारास मालक स्वतंत्रपणे बक्षीस देतील. १८७८ च्या कायद्याखालील सूचना मालक व सापडवणारा संयुक्तपणे देतील. छप्पर व भिंती उतरविल्यानंतर आणि जोते उकरण्यापूर्वी मालकांना तीन दिवस नोंदणीसाठी जागेचा ताबा देण्यात येईल."

कामगाराच्या बक्षिसाचं वाक्य गाळू नका, रक्कमही घालून टाका. दिवसभर मातीत उभा असतो तो, आणि सापडलेलं दाखवण्यात त्याचा फायदा असला तरच तो दाखवेल. हे विकासकापुरतं ठेवून भागणार नाही, पाडकाम आणि खोदकाम करणाऱ्या ठेकेदाराची सही वेगळ्या पत्रावर घ्या, कारण करारात तो पक्षकार नसतो. कामाच्या पहिल्या दिवशी जेसीबीच्या ड्रायव्हरला ते पत्र त्याच्या भाषेत वाचून दाखवा.